कम्प्युटर रेंगाळून राहिला? आधी त्याचा नट्टापट्टा उतरवा

माझ्या काकांचं नागपुरात, महाल भागात छोटंसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तूचे कार्ड, तेरवीचे कार्ड, आणि बाजूला एक झेरॉक्स मशीन. ऐन लग्नसराईत एका रात्री त्यांचा फोन आला, "बाबू, हा कम्प्युटर पार मरगळला रे, विंडो खाली करतो तं अशी जाऊन राहिली जशी वरात निघाली."

गेलो. जुना आय थ्री, चार जीबी रॅम, विंडोज टेन. गिऱ्हाईक उभे, काकांचा पारा चढलेला, म्हणून मी घाईघाईत तेच केलं जे सगळे व्हिडिओवाले सांगतात, 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' वर क्लिक, अप्लाय, ओके, झालं काका, चहा पाजा, निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन. "अबे काय करून ठेवलं हे? अक्षरं पाह्य कशी दिसून राहिली, मुंग्या चालल्यासारखी. अनुस्वार कुठं आहे तेच कळून नाही राहिलं मले. अन् नवरा-नवरीचे फोटो कुठं उडवले तू?"

फोटो कुठेच उडाले नव्हते. पण चूक माझीच होती, कारण ते एक बटण विंडोजचे ॲनिमेशन, सावल्या असे सगळेच इफेक्ट सरसकट काढून टाकते, दागिन्यासोबत चष्माही काढून नेते. म्हणून हे लिहून राहिलो, की काय काढायचं, काय ठेवायचं, आणि हे सगळं करायच्या आधी काय पाहायचं.

आधी हे होते काय ते दोन मिनिटं समजून घ्या, मग टिक कुठे काढायची ते पाठ करावं लागत नाही. तुम्ही मिनिमाइज दाबलं की विंडो खरं तं त्याच क्षणी गायब होऊ शकते, पण विंडोज ती बारीक करत, विरवत, सरकवत खाली नेते. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे ही सगळी सरकासरकी चालू असताना दर वेळी नवं चित्र तयार करून द्यावं लागते. चांगल्या मशीनवर हे काम ग्राफिक्स चिप सहज करते, तुम्हाला कळतही नाही. जुन्या मशीनवर मधलीच चित्रं गळतात, आणि मग ते अडखळत चालल्यासारखं दिसते. त्यात बिल्ट-इन ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ती तुमच्याच रॅममधून उसनी घेते, आणि चार जीबीत क्रोम, कोरल आणि व्हॉट्सॲप वेब असे तिघं आधीच मांडी घालून बसलेले असतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर नंतर शिव्या द्याल. इफेक्ट काढून कम्प्युटरची ताकद वाढत नाही, तुमचं थांबणं कमी होते. व्हिस्टा २००७ साली आलं तेव्हा ते काचेसारखं एरो नावाचं प्रकरण आलं होतं, विंडोज सेव्हनपर्यंत ते मुळापासून बंद करता यायचं. विंडोज एटपासून पडद्यावर विंडो जुळवणारा तो प्रोग्राम, टास्क मॅनेजरमध्ये 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' नावानं दिसतो तो, कायम चालूच राहतो. त्यामुळे टिका काढल्या आणि एक जीबी रॅम मोकळी झाली असं कोणी सांगत असेल तं हसून सोडून द्या.

आधी नाडी पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. लहानसं उघडलं तं खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. 'परफॉर्मन्स' मध्ये जा आणि तुमचं रोजचं काम करत करत पाच मिनिटं पाहा. डिस्क जर सारखी १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल तं तुमचा आजार वेगळा आहे, ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क दमली आहे, तिथे सावल्या आणि ॲनिमेशन काढून थोडं बरं वाटेल पण रोग तसाच राहील, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तं आधी क्रोमचे टॅब बंद करा, काकांच्या क्रोममध्ये सत्तावीस टॅब होते, त्यातले अकरा एकाच साइटचे, काहून ते त्यांनाही नाही माहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणी पाहत नाही. विंडोज की आणि एक्स दाबा, लिस्टमधून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, त्यात 'डिस्प्ले अडॅप्टर्स' समोरचा बाण दाबा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया असं नाव दिसलं तं ठीक. पण 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं तं राजेहो, इथेच थांबा. याचा अर्थ ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवता येते ते सॉफ्टवेअर, टाकलेलंच नाही, चिप आहे पण बसून आहे आणि पडद्यावरचं सगळं चित्र बिचारा प्रोसेसर एकटा काढून राहिला. फॉरमॅट मारून देणारे बरेच जण विंडोज टाकतात, साउंड येतो का पाहतात, पैसे घेतात आणि ड्रायव्हर तसाच राहतो. अशा मशीनवर साधं पेज स्क्रोल केलं तरी लाटा उठल्यासारखं दिसते.

ड्रायव्हर टाकायला लॅपटॉप असेल तं कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाका, असेंबल मशीन असेल तं चिप ज्या कंपनीची तिच्या साइटवरून घ्या. विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेटच्या आत ड्रायव्हर अपडेट असतात, तिथेही बऱ्याचदा मिळून जातो. ते फुकटचे 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे सॉफ्टवेअर मात्र टाकू नका, एक काम करतात आणि चार पाहुणे घरात घेऊन येतात. एवढं एक केलं की कधी कधी पुढचं काही करायची गरजच राहत नाही.

आता मुख्य काम

विंडोज की धरून आर दाबा. छोटा डबा उघडेल, त्यात इंग्रजीत एस वाय एस डी एम, मग टिंब, मग सी पी एल असं सलग टाइप करून एंटर मारा. 'सिस्टिम प्रॉपर्टीज' उघडेल. वर 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर जा, तिथे तीन चौकटी आहेत, सगळ्यात वरची 'परफॉर्मन्स', तिचंच 'सेटिंग्ज' बटण दाबा. खालच्या दोघींनाही सेटिंग्जचं बटण आहे, गडबडू नका. विंडोज टेन असो की इलेव्हन, रस्ता हाच.

समोर 'व्हिज्युअल इफेक्ट्स' येईल. वर चार पर्याय. पहिल्यात विंडोज स्वतः ठरवते, दुसरा दिसण्यासाठी, तिसरा वेगासाठी, चौथा 'कस्टम'. आधी तिसरा निवडा, खालच्या सगळ्या टिका उडतील. घाबरू नका आणि अजून अप्लाय दाबू नका, मी तिथेच घाई केली होती. आता त्या मोकळ्या लिस्टमध्ये वेचून वेचून टिका परत लावायच्या, पहिली टिक लावली की वरचा टिंब आपोआप कस्टमवर सरकतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स'. ही लावाच. इंग्रजी वाचणाऱ्याचं हिच्याशिवाय कसंतरी भागते, एबीसीडी जरा ओबडधोबड दिसते इतकंच, पण आपल्या देवनागरीत शिरोरेघ, वेलांटी, रफार, अनुस्वार, त्यात जोडाक्षरं, एवढं सगळं दहा-बारा ठिपक्यांच्या उंचीत बसवायचं असते. कडा मऊ करणं बंद झालं की ठिपका एकतर पूर्ण काळा नाहीतर पूर्ण पांढरा, मधली करडी छटाच नाही, मग बारीक अक्षरात 'ष' आणि 'प' सारखेच दिसायला लागतात. काकांच्या दुकानात त्या सकाळी एका कार्डावर 'शुभाशीर्वाद' मधला रफार पडद्यावर शोधूनही सापडत नव्हता, प्रिंट काढली तं जागच्या जागी. म्हणजे फाइल बरोबर आणि डोळे खोटे. प्रूफ पाहणाऱ्याच्या मशीनवर ही टिक काढणं म्हणजे त्याचा चष्मा लपवून ठेवणं.

दुसरी, 'शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स'. हिच्यामुळेच फोटो "उडाले" होते. ही काढली की फोल्डरमधला प्रत्येक फोटो एकसारख्या चित्राचा दिसतो, आणि कॅमेऱ्यातून आलेल्या तीनशे फाइलींतून नवरीचा फोटो नुसत्या नंबरवरून शोधत बसा. नवीन फोल्डर पहिल्यांदा उघडताना थंबनेल बनायला वेळ लागतो हे खरं आहे, पण एकदा बनले की विंडोज ते जपून ठेवते. तुमचं काम नुसतं टॅली आणि एक्सेलचं असेल, फोटोशी संबंधच नसेल, तं खुशाल काढा.

तिसरी, 'शो विंडो कंटेंट्स व्हाइल ड्रॅगिंग'. ही नसली तं विंडो ओढताना नुसती चौकट सरकते. ड्रायव्हर नीट असेल तं लावा, मशीन अगदीच म्हातारं असेल तं राहू द्या, दोन दिवसांत सवय होते.

बाकीचं काय? ॲनिमेशन नावाचं जे जे दिसते ते सगळं गेलं पाहिजे, मिनिमाइज-मॅक्सिमाइजचं, टास्कबारचं, विंडोच्या आतलं. फेड आणि स्लाइड नावाचं सगळं जाऊ द्या, मेनू विरत येऊन कोणाचं भलं झालं नाही. माउसच्या बाणाखालची सावली तं मी आजपर्यंत कोणाला कौतुकानं पाहताना पाहिली नाही. विंडोखालची सावली काढली की इलेव्हनमध्ये एका पांढऱ्या विंडोवर दुसरी पांढरी विंडो आली तं कडा कळत नाही, तसा त्रास वाटला तं तेवढी परत लावा.

आता अप्लाय, मग ओके. लगेच फरक दिसला नाही तं एकदा साइन आऊट करून परत या. आणि हो, ही सेटिंग ज्या युजरच्या लॉगिनमध्ये केली त्याच्यापुरतीच असते, घरी पोट्ट्यांचं वेगळं लॉगिन असेल तं तिथे जाऊन वेगळं करावं लागते.

शेजारीच अजून एक 'ॲडव्हान्स्ड' टॅब दिसेल, त्यात व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कची जागा रॅमसारखी वापरायची सोय. व्हिडिओत पाहून तिथे आकडे टाकायला जाऊ नका. विंडोजला स्वतः सांभाळू द्या, चार जीबीवाल्यांनी तं अजिबातच हात लावू नका, तिथे चुकीचा आकडा पडला की काम अर्ध्यात असताना प्रोग्राम बंद पडतात.

काच काढा

ट्रान्सपरन्सी, म्हणजे टास्कबार आणि स्टार्ट मेनूच्या आरपार मागचं धूसर दिसते ते, या लिस्टमध्ये नसते, वेगळी राहते. सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन', मग 'कलर्स', तिथे 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करा. नुसतं आरपार दाखवणं सोपं असते, पण धूसर दाखवायचं म्हणजे मागच्या चित्राचे आजूबाजूचे ठिपके एकमेकांत मिसळून दाखवावे लागतात, आणि मागे काही हललं की ते पुन्हा. विंडोज स्वतःच बॅटरी सेव्हरमध्ये गेलं की ही काच बंद करते, म्हणजे ती किती खाते हे त्यालाही माहीत आहे.

त्याच पर्सनलायझेशनमध्ये 'बॅकग्राउंड' मध्ये स्लाइड शो लावलेला असेल तं साधा एक फोटो लावा. टेनमध्ये टास्कबारवर हवामान आणि बातम्यांचा तुकडा असतो, टास्कबारवर राइट क्लिक करून 'न्यूज अँड इंटरेस्ट्स' बंद करा. इलेव्हनमध्ये त्याचं नाव विजेट्स. मे महिन्यात नागपुरात तापमान किती ते पाहायला कम्प्युटरची गरज नाही, दाराबाहेर हात काढला की कळते.

मेनूची ती बारीकशी वाट

हे थोडं आतलं काम आहे, ज्यांना रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीची, भीती वाटते त्यांनी सरळ पुढे जा. माउस उपमेनूवर नेला की तो उघडायच्या आधी विंडोज मुद्दाम ४०० मिलिसेकंद थांबते. जवळपास अर्धा सेकंद झाला ना, दिवसातून दोनशे वेळा. विंडोज की आणि आर, मग इंग्रजीत रेजएडिट टाइप करून एंटर. डावीकडे 'एचकी करंट युजर', त्यात 'कंट्रोल पॅनल', त्यात 'डेस्कटॉप'. त्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करून एक कॉपी ठेवा, हे विसरू नका. मग उजवीकडे 'मेनूशोडिले' वर डबल क्लिक, ४०० च्या जागी १०० टाका, ओके, साइन आऊट, परत लॉगिन. शून्य टाकू नका, नाहीतर माउस नुसता वरून गेला तरी मेनू अंगावर येतात. फाइल एक्सप्लोररमधल्या जुन्या पद्धतीच्या मेनूत हा फरक चांगला कळतो. रजिस्ट्रीत बाकी कुठेही हात घालू नका.

काही करू नका असे प्रकार

रिझोल्युशन कमी केलं की वेग वाढतो असं अजूनही लोक सांगून राहिले. गेममध्ये वाढतो, बरोबर आहे, पण टायपिंग आणि हिशोबाच्या कामात काही मिळत नाही, उलट आजच्या सपाट स्क्रीनचे ठिपके मोजून बसवलेले असतात, त्यापेक्षा कमी आकडा दिला की सगळं पसरट आणि पुसट होते. जिथे 'रेकमेंडेड' लिहिलं आहे तेच ठेवा. अक्षर बारीक वाटत असेल तं रिझोल्युशन नाही, 'स्केल' वाढवा, १०० चं १२५ करा.

क्रोममधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन पण उगाच बंद करू नका. स्क्रीन फडफडत असेल, काळे चौकोन येत असतील, तेव्हाच बंद करून पाहायचं. नाहीतर व्हिडिओचं काम चिपकडून काढून प्रोसेसरच्या डोक्यावर टाकाल आणि पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडेल.

डीटीपीवाल्यांसाठी एक खास. कोरलड्रॉमध्ये कार्ड हलवताना अडकत असेल तं त्यात विंडोजचा दोष नसतो, तुम्ही जे पदराचे कंगोरे, सावल्या आणि पारदर्शक फुलं टाकली आहेत त्याचा असतो. 'व्ह्यू' मेनूत 'एनहान्स्ड' च्या जागी 'नॉर्मल' करा, फाइल अगदीच जड असेल तं 'वायरफ्रेम'. वायरफ्रेममध्ये नुसत्या रेघा दिसतात, मजकूर सरकवायला तेवढं पुरते, आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं असेल तेव्हा परत एनहान्स्ड करून एफ नाइन दाबा, फुल स्क्रीन. हे काकांना दाखवलं तेव्हा म्हणाले, वीस वर्षं झाली अन् तू आता सांगून राहिला.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. पारा ४५ च्या वर गेला की बंद खोलीत प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. मग सकाळी बरा आणि दुपारी दोनला मेल्यासारखा, असं होते. तुमचा कम्प्युटर वेळ पाहून सुस्त होत असेल तं टिका काढण्याआधी कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ साफ करून घ्या. आणि कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, माणसाला गार वाटते पण त्या ओलसर हवेनं आतल्या धुळीचा चिखल होतो.

दूर राहून घरच्यांचा कम्प्युटर एनीडेस्कवरून सांभाळत असाल तं हे सगळं तुमच्यासाठी दुप्पट कामाचं. तिकडे विंडो विरत गेली की विरण्याचं प्रत्येक चित्र नेटवरून तुमच्याकडे यावं लागते. काकांच्या मशीनवर मी आता घरूनच पाहतो, आधी क्लिक करून वाट पाहायचो, आता बरंच बरं आहे.

विंडोज टेनवाल्यांनी एवढं ध्यानात असू द्या की त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर इलेव्हनच्या अधिकृत यादीत नाहीत, काकांचा आय थ्री त्यातलाच. वेग आला म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करत बसू नका, तेवढं मोबाइलवर करा.

हो, काकांकडचा हिशोब पूर्ण सांगतो. तीन टिका लावून, काच काढून, ड्रायव्हर टाकून (त्यांच्याकडे बेसिक अडॅप्टरच निघाला, मीच आदल्या रात्री पाहिला नव्हता) सगळं मस्त झालं, विंडो पटकन खाली, पटकन वर. तरी दुपारी पुन्हा फोन, "अरे डेस्कटॉपवरची नावं गेली." तं झालं असं की डेस्कटॉपवर टेकडीच्या गणपतीचा फोटो, मागे पांढराशुभ्र उजेड, आणि आयकॉनखालची अक्षरंही पांढरी. त्या अक्षरांमागे एक सावली असते, तिच्या जोरावरच ती उठून दिसतात, आणि मी ती काढली होती. लिस्टमधली सगळ्यात शेवटची टिक, 'यूज ड्रॉप शॅडोज फॉर आयकॉन लेबल्स'. मी म्हटलं काका, गडद वॉलपेपर लावून देऊ का, सावलीची गरजच नाही पडणार. तिकडून पाच सेकंद काही आवाज नाही. मी चौथी टिक लावली.